गाडी काकांची, विकणारा पुतण्या

(या भागात जे बोललो ते इथे उतरवलं आहे. अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.)

जुनी गाडी घेताना काय बघायचं यावर एक भाग करा, असं तिघाचौघांनी कळवलं होतं. खरं सांगू का, इंजिनाचा आवाज, टायरची नक्षी, मीटर मागे फिरवलाय का, यावर ढीगभर व्हिडिओ आहेत आणि ते माझ्यापेक्षा जाणकार लोकांनी केलेत. मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. गाडी दाखवायला जो माणूस आपल्यासमोर उभा आहे, तो त्या गाडीचा मालक नसेल तर?

आपल्या रत्नागिरीत तो बऱ्याचदा नसतोच. गाडी बोरिवलीच्या, नालासोपाऱ्याच्या चाकरमान्याची असते. हौसेने घेतलेली, गणपतीला आणि शिमग्याला चालवायची म्हणून गावी ठेवलेली. नाहीतर कुवेत-दुबईला असलेल्या भावाची. मालक तिकडे आणि चावी इकडे. चावी कोणाकडे? पुतण्याकडे, मेव्हण्याकडे, शेजारच्या अण्णांकडे. मग एक दिवस मालक फोनवर म्हणतो, "अरे, ती विकून टाक एकदाची." आणि अण्णा कामाला लागतात. यात वाईट काहीच नाही, आपल्याकडची निम्मी कामं अशीच होतात. पण घेणाऱ्याने कुठे जपायचं, हे मला माझ्याच व्यवहारात कळलं, तेही थोडं उशिरा. तीच गोष्ट सांगतो.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून दोनदा तिला फिजिओथेरपीला न्यायचं. रिक्षात चढता-उतरताना तिचे हाल बघवत नव्हते, म्हणून एखादी उंच बसणीची जुनी गाडी शोधत होतो. एप्रिलमध्ये कोणीतरी सांगितलं की पावसच्या पुढे एका वाडीत वॅगन-आर आहे. २०१४ची, एमएच-४७ पासिंग, म्हणजे बोरिवलीची. गेलो बघायला. खळ्यात ताडपत्रीखाली उभी. विकणारा तिशीतला मुलगा. आंब्याचा सीझन ऐन भरात, हा पेट्या भरतोय आणि मधेच उठून मला गाडी दाखवतोय. म्हणाला, "गाडी काकांची आहे. काका बोरिवलीला असतात. त्यांना आता येणं होत नाही. मलाच सांगितलंय विकायला."

गाडी चांगली होती. एवढं इथे मधेच सांगतो की कोकणात उभ्या राहिलेल्या गाडीचे आजार वेगळे. खारा वारा खालून पत्रा खातो, तेव्हा वाकून खाली बघा. उंदीर वायरिंग खातात, तेव्हा बॉनेट उघडून बघा. आणि आपल्या जिल्ह्यात आणखी एक. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा शेकडो घरांच्या दारातल्या गाड्या बुडाल्या. पुरात बुडालेली गाडी दुरुस्त होते, पॉलिश होते आणि कधीतरी पुन्हा बाजारात येते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वितीवर चिखलाचा डाग दिसतो. सीटच्या रुळांखाली बोट फिरवा. ओला वास येतोय का बघा.

हे मधेच सांगण्याचं कारण असं, की मी त्या मुलाला विचारलं, "गाडी कधी पाण्यात गेली होती का? कुठे ठोकलेली?" तो म्हणाला, "मला तसं काही माहीत नाही. माझ्याकडे तीन वर्षं आहे, तेव्हापासून तरी नाही." उत्तर अगदी प्रामाणिक होतं. पण बघा, दुसऱ्यासाठी विकणाऱ्या माणसाकडून मिळू शकणारं हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे. त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल तो बोलूच शकत नाही. पुढे काही निघालं तर मालक म्हणणार, मी कुठे काय बोललो? आणि पुतण्या म्हणणार, गाडी माझी कुठे होती? करार कायद्याचं साधारण तत्त्व असं की मालकाचं नाव उघड सांगून, त्याच्या वतीने व्यवहार करणारा माणूस त्या व्यवहाराला स्वतः बांधला जात नाही. बांधला जातो तो मालक. म्हणून मालकाशी बोलायचं. अगदी पाच मिनिटं का होईना, त्याच्याशीच बोलायचं.

मी म्हटलं, "काकांशी एकदा बोलू या."

"काकांना ऐकू कमी येतं ओ दादा. फोनवर काही उपयोग नाही."

बरं म्हटलं. दोन लाख पस्तीस हजार ठरले. पंचवीस हजार इसार दिला, गूगल पेवर, त्याच्याच नंबरला. मी विचारलं होतं की काकांच्या खात्यावर टाकू का? तर म्हणाला, "काकांचं खातं बँकेने बंद करून ठेवलंय, केवायसीचं काहीतरी आहे." मला ते पटलं. केवायसीच्या नावाखाली बँका काय काय करतात ते आपण सगळे बघतोच. आता मागे वळून बघताना ती दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की अर्थ सरळ दिसतो. ऐकू येत नाही आणि खातं बंद आहे. पण तेव्हा मला गाडी हवी होती ना! हवी असली की आपणच समोरच्याच्या वतीने कारणं पुरवतो.

त्याने मला कागद दिले. आरसी, विमा, पीयूसी आणि सही केलेले फॉर्म २९ आणि ३०. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली सूचना की मी गाडी विकली. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या. या फॉर्मांवर काकांच्या सह्या होत्या. बाकी सगळं कोरं. ना तारीख, ना घेणाऱ्याचं नाव, ना रक्कम. आपल्याकडे ही पद्धतच पडलीय. मुंबईहून आलेला माणूस परत जाताना कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकून जातो, "गिऱ्हाईक मिळेल तेव्हा भरा" म्हणून. मलाही ते बघून बरंच वाटलं. सह्या आहेत, म्हणजे काम झालं.

वर तो म्हणाला, "आठवडाभर चालवून बघा दादा. मग बाकीचे द्या." मी गाडी घरी आणली. आईला दोनदा घेऊन गेलो. भाट्ये पुलावर एक स्कूटरवाला अगदी आरशाला घासून गेला, त्याला काही झालं नाही, मी शिव्या घातल्या आणि विसरलो.

रविवारी गाडी साफ करत होतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिस बुक सापडलं. पहिल्या पानावर मालकाचं नाव आणि मोबाईल नंबर. नीटस अक्षर, निळ्या शाईत. मी सहज लावला. म्हटलं ऐकू येत नसलं तरी घरातलं कोणी उचलेल, शेवटची सर्व्हिसिंग कधी केली ते तरी कळेल.

एका बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं, म्हटलं रत्नागिरीहून बोलतोय, तुमच्या वॅगन-आरबद्दल. दोन क्षण काही नाही. मग म्हणाल्या, "बाबा फेब्रुवारीत गेले."

मी काय बोललो आठवत नाही. त्या मुलगी होत्या त्यांच्या. पुढे त्यांनी विचारलं, "काका, पण गाडी तुमच्याकडे कशी?"

मंडळी, या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी माझ्या दारात उभी, हातात फडकं, आणि फोनवर ती मुलगी मला विचारतेय की आमच्या बाबांची गाडी तुमच्याकडे कशी. चोर पकडला जातो तेव्हा त्याला कसं वाटत असेल, ते त्या दिवशी थोडंफार कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या ओळखीच्या एका एजंटकडे गेलो. आरटीओची कामं करतो, माणूस हुशार. सगळं ऐकून म्हणाला, "सह्या आहेत ना? तारीख जानेवारीची टाकू. तुम्ही तो फोन केलाच नाही असं समजा."

खोटं कशाला सांगू, रात्रभर मी त्याचा विचार केला. सह्या खऱ्या होत्या. पैसे अडकले होते. आईला गाडी सोसली होती. आणि पुतण्याला काकांनी खरंच सांगितलं असेल तर? पण हा सगळा गुंता एका गोष्टीवर येऊन थांबत होता. आपण कोणाला "माझ्या वतीने हे विक" असं सांगतो, तो अधिकार आपण जिवंत असेपर्यंतच. मालक गेला की तो संपला. भारतीय करार कायदा १८७२चा, त्याच्या २०१ कलमात हे आहे. मुखत्यारपत्र असलं तरी साधारण तेच. साध्या तोंडी सांगण्याचं तर विचारूच नका. आता त्याच कायद्यात पुढे, २०८ कलमात, घेणाऱ्याला थोडं सांभाळून घेतलंय. अधिकार संपल्याचं त्याला माहीत नसेल, तर माहीत होईपर्यंत त्याच्यापुरता तो संपला असं धरत नाहीत. पण मला तर माहीत झालं होतं! फोन केलाच नाही असं समजा, या वाक्याची गंमत तीच आहे. एजंटने कायदा वाचला नसेल, पण नेमकी जागा त्याला ठाऊक होती.

आणि जानेवारीची तारीख टाकायची म्हणजे काय? मेलेल्या माणसाच्या सहीवर आपण आपल्या हाताने व्यवहार लिहायचा. सही खरी आणि कागद खोटा.

दुसरी गोष्ट, माल विक्रीचा कायदा १९३०चा. त्याचं २७वं कलम साधं आहे. जे आपलं नाही ते विकून दुसऱ्याचं करता येत नाही. विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. अपवाद आहे, पण तो धंदाच मालकांच्या वतीने माल विकण्याचा आहे अशा दलालांकडून कोणी भोळेपणाने घेतलं तर. गाडी सांभाळायला ठेवलेला पुतण्या म्हणजे तसा दलाल नव्हे. म्हणजे मी दोन लाख पस्तीस हजार देऊन, काकी आणि दोन मुलींच्या मालकीची गाडी माझ्या दारात उभी करून ठेवणार होतो.

गाडी मी त्या रात्रीपासून हलवली नाही. आणि तेव्हा तो भाट्ये पुलावरचा स्कूटरवाला आठवून पोटात गोळा आला. तो पडला असता तर? विमा गेलेल्या माणसाच्या नावावर, आरसी त्याच्याच नावावर, चालवणारा मी, आणि मी गाडीचा कोण? कोणीच नाही.

सोमवारी पावसला गेलो. पुतण्याला म्हटलं, "काका गेले ते सांगितलं का नाहीस?"

तो आधी गप्प. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही घेतली असती का?" आणि मग एकदम भरून आल्यासारखा, "काकांनीच सांगितलं होतं दादा. हॉस्पिटलात सह्या दिल्या. म्हणाले, वीक आणि तुझा खर्च काढून घे. तीन वर्षं विमा मी भरतोय. दोन टायर मी टाकले. माझा शब्द काय खोटा?"

माझा अंदाज सांगतो. तो खोटं बोलत नव्हता. काकांनी सांगितलं असणार. पण काकीला आणि मुलींना त्याने कळवलं नव्हतं, आणि मला तर सरळ फसवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात.

पंचवीस हजार परत मागितले, तर ते पेट्यांमध्ये आणि मजुरीत गेले होते. मग मी मुंबईला गेलो. कोकणकन्येने रात्रीत. बोरिवलीला दोन खोल्यांचं घर, भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो. पहिल्यांदा बघितलं त्यांना. काकींनी पोहे केले. मी सगळे कागद त्यांच्यासमोर ठेवले, कोऱ्या सह्यांचे फॉर्मसुद्धा. काकींनी ती सही बराच वेळ बघितली. मग त्यांनीच ते फॉर्म फाडले. मुलगी म्हणत होती ठेव, पुरावा आहे. काकी म्हणाल्या, "कसला पुरावा? त्याच्यावर केस करू का मी?"

त्यांना गाडी विकायचीच होती. मग रस्ता सरळ झाला, फक्त लांब. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर करायची, त्यासाठी फॉर्म ३१. तो अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. आमचं ते उलटून चाललं होतं. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची, म्हणजे दोन मुलींची संमती, प्रतिज्ञापत्र. गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची, म्हणजे एचएसआरपी, ती नवीन पद्धतीची नंबरप्लेट, लावल्याशिवाय आरटीओत काम पुढे सरकेना. मग तिची अपॉइंटमेंट. आरसीवर आता वारस म्हणून नामनिर्देशन करून ठेवता येतं, २०२१पासून. काकांनी केलं नव्हतं. तुम्ही केलंय का? मीही तोपर्यंत केलं नव्हतं.

गाडी काकींच्या नावावर झाल्यावर मग नव्याने फॉर्म २९, ३०, बोरिवलीची एनओसी, चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. यावेळी सह्या माझ्यासमोर, तारीख आणि रक्कम घालून. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी काकींच्या मोबाईलवर आला, त्यांनी वाचून दाखवला. मालकाचा फोन मालकाच्या हातात आहे की नाही, हे त्या सहा आकड्यांवरून कळतं. मध्यस्थाला ते देता येत नाहीत. निदान देता येऊ नयेत.

पैशाचं काय केलं? उरलेले दोन लाख दहा हजार काकींच्या खात्यावर. आणि ते पंचवीस हजार पुतण्याकडेच राहू द्यावेत, असं काकी म्हणाल्या. त्याने गाडी सांभाळली, टायर घातले. मी म्हटलं, तसं लिहून द्या. आमच्या करारात एक ओळ आहे की इसाराचे पंचवीस हजार माझ्या वतीने पुतण्याने घेतले, ते मला मान्य. सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

आता दोन-तीन गोष्टी, ज्या या गोष्टीत बसत नाहीत पण तुम्हाला लागतील.

मालक परदेशात असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन यावं लागतं, आणि ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. त्यात "गाडी विकणे, आरटीओत सह्या करणे, पैसे घेणे" हे तिन्ही स्पष्ट लिहिलंय का बघा. घर सांभाळण्याचं मुखत्यारपत्र दाखवून गाडी विकणारे भेटतात. आणि ते चालेल का, हे पैसे देण्याआधी आरटीओच्या खिडकीवर विचारा. व्हिडिओ कॉलवर मालकाचा चेहरा बघा, आरसी त्याच्या समोर धरा, नंबर वाचून घ्या. ऐकू येत नसेल तर लिहून दाखवा.

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३पासून नियम वेगळा आहे. अशा डीलरने आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं असतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की पोर्टलवर फॉर्म २९-सी भरून कळवायचं असतं. त्यानंतर तोच मालक धरला जातो. मग "गाडी माझी कुठे" हे त्याला म्हणता येत नाही. बिनधास्त विचारा, प्रमाणपत्र कुठाय? बरेच जण हसतील. हसू द्या. शिवाय बोजा बघा. आपल्याकडे पतसंस्थांचं कर्ज असतं गाड्यांवर, फिटलं तरी आरसीवरून नाव उतरवलेलं नसतं, त्याला फॉर्म ३५ लागतो. ई-चलानही बघा, तोच नंबर घाटात किती वेळा पळवलाय ते कळतं.

आणि हे विकणाऱ्यांसाठी, माझ्या मुंबईकर मंडळींसाठी. सुप्रीम कोर्टाचा २०१८चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी विकली, घेणाऱ्याने पुढे विकली, त्याने आणखी पुढे. आरटीओत नाव पहिल्याचंच. २००९मध्ये ती गाडी रिव्हर्स घेताना एकाचा जीव गेला. कोर्टाने भरपाईसाठी धरलं कोणाला? ज्याचं नाव आरसीवर होतं त्याला. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या करून, चावी पुतण्याकडे टाकून गाडीत बसू नका. विकल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा. दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग गाडीबरोबर येतो, आपल्या गाडीच्या नुकसानीचा आपोआप येत नाही.

माझं आरसीचं कार्ड गणपती होऊन गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये पोस्टाने आलं. नंबर तोच, एमएच-४७. एजंट अजून भेटतो, म्हणतो, "एका आठवड्याचं काम सहा महिने केलंत."

परवा मारुती मंदिरला पुतण्या दिसला. मी बघितलं न बघितल्यासारखं करणार होतो, तोच तो रस्ता ओलांडून आला. आईची चौकशी केली. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून टायर बघितले आणि म्हणाला, "पुढचा डावा जरा जास्त झिजतोय दादा. अलाइनमेंट करून घ्या."

करून घेतली. चला, थांबतो. तुमचा असा काही अनुभव असेल तर कळवा, नावं न घेता वाचून दाखवेन.